बिनगोळीचे सोळा दिवस

"अप्पा, आलं," कांचन म्हणाली, आणि मी हातातली चहाची किटली तशीच पायरीवर टेकवली.

आम्ही पुण्यातल्या त्या आरोग्यभवनाच्या जिन्यात होतो. इस्पितळात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी ट्रस्टने बांधलेली ही इमारत. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. चहा खाली कँटीनमध्ये मिळायचा. मी एकटा जाऊन आणला असता, पण पोरीला खोलीत एकटी ठेवायची सोय नव्हती, म्हणून दोघंही खाली निघालो होतो.

"आलं" हा शब्द तिने उच्चारला की माझ्या हातात दहा-बारा सेकंद असत. पोटातून काहीतरी वर सरकतं आणि जळक्या रबराचा वास येतो, असं ती सांगायची. मग डोळे एका जागी थिजत. काही चघळल्यासारखे ओठ हलत, उजवा हात ओढणीच्या टोकाशी चाळा करत राही, आणि त्यानंतर अंग ताठ होऊन झटके सुरू.

मी तिच्या काखेत हात घातला खरा, पण जिना अरुंद आणि मी एक पायरी खाली. तिचा सगळा भार माझ्यावर आला, माझी चप्पल सरकली, आणि बापलेक चार पायऱ्या घसरत खाली लँडिंगवर येऊन पडलो. लोखंडी कठडा लागून तिचा ओठ फाटला. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी टोपी घातली आणि घड्याळ बघत बसलो. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. दोन बायका वर येत होत्या, त्या तशाच मागे फिरल्या.

शुद्धीवर आल्यावर ती नेहमीप्रमाणे माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिली. मग हळूहळू मी तिचा बाप झालो.

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

तिने ओठाला बोट लावून रक्त पाहिलं. "सकाळपासून दुसरी ना?"

"दुसरी."

"आज सोळावा दिवस. उद्या संपेल अप्पा."

किटली जिन्यातच राहिली. वर जाताना ती उचलायला वाकायचंही माझ्या जिवावर आलं.

मी विष्णू घोलप. नगरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. हे घडलं त्या वर्षी मी नुकताच रिटायर झालो होतो. कांचन माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा चोवीस वर्षांची. नऊ वर्षांची असताना शाळेच्या कवायतीत पहिली फिट आली, आणि त्यानंतर पंधरा वर्षांत महिना कोरडा गेला नाही. ती बीकॉम झाली, एका पतसंस्थेत काउंटरवर लागली, आणि पाचव्या महिन्यात काउंटरवरच ग्राहकांसमोर पडली. दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावलं नाही. मग ती घरी साड्यांच्या पदरांना गोंडे करायला लागली. तिची आई शालिनी त्याच्या तीन वर्षं आधी काविळीने गेली. तेव्हापासून पोरीचं सगळं माझ्याकडे. फिटमध्ये ओले झालेले कपडे बदलणंसुद्धा. तरण्या मुलीचं ते बापाने करायचं म्हणजे दोघांनी भिंतीकडे बघत करायचं. आम्ही ते शिकलो होतो.

डॉक्टर पळसुलेबाई आम्हाला भेटल्या त्या याच्या दोन महिने आधी. पन्नाशीच्या असाव्यात. आवाज शांत, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. त्यांनी सगळ्या फिल्म्स काचेवर लावल्या.

"एमआरआय साफ आहे, घोलप. ईईजी काढला तर दोन्ही बाजूंनी खळबळ दिसते. फिट निघते एका जागेवरून, पण ती जागा उजवीकडे आहे की डावीकडे, हेच कळत नाही. ते कळल्याशिवाय ऑपरेशनचं नावही काढता येत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आवाज येतो म्हणून कुणी इंजिन उतरवत नाही. आधी आवाज कुठून येतो ते बघायचं."

त्या हसल्या. मग त्यांनी नव्या स्कॅनचं सांगितलं. आमच्या इस्पितळात अजून मोजक्याच पेशंटवर केलाय, म्हणाल्या.

"मेंदूच्या पेशींवर बारीक खुंट्या असतात असं समजा. पेशीला शांत ठेवणारं एक रसायन त्या खुंट्यांवर येऊन बसतं. जिथून फिट निघते, तिथल्या खुंट्या बहुतेक वेळा कमी झालेल्या असतात. आम्ही शिरेतून एक औषध सोडतो. ते बरोबर याच खुंट्यांवर जाऊन बसतं आणि कॅमेऱ्यात दिसतं. जिथं ते कमी बसलेलं दिसेल, तिथं आपला संशय."

कांचन पुढे सरकून ऐकत होती. "मग उद्याच करा ना."

"उद्या नाही होणार. तू रात्री जी क्लोबाझमची गोळी घेतेस ना, तीसुद्धा याच खुंट्यांवर बसते. जागा आधीच भरली असेल तर आमचं औषध बसणार कुठे? म्हणून ती गोळी हळूहळू कमी करायची, आणि मग सोळा दिवस एकही नाही. बाकीची औषधं चालू राहतील. सतराव्या दिवशी स्कॅन." मग माझ्याकडे वळल्या. "या दिवसांत फिट्स वाढणार. पाच मिनिटांच्या वर चालली तर हा नाकातला स्प्रे मारायचा आणि थेट आमच्याकडे यायचं. स्प्रे मारला, चुकून गोळी गेली, काहीही झालं तरी फक्त सांगायचं. स्कॅन पुढे ढकलू. तिच्याजवळ कोण असेल?"

"मी आहे ना."

"आणखी कुणी? पाळीपाळीने?"

"मी आहे ना, मॅडम."

"वॉर्डात बेड बघू का? शेवटच्या दहा दिवसांपुरता?"

"कशाला? मला पंधरा वर्षांची सवय आहे."

शेवगावहून माझी बहीण यायला तयार होती. तिलाही मी नको म्हटलं. ती घाबरून आरडाओरडा करते, कांचनला ते आवडत नाही, असं कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं. आपल्या पोरीचं आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, असं मला वाटायचं. आणि तसं वाटणं मला आवडायचं.

पहिले पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी दोन फिट्स आल्या. नवव्या दिवशी चार. मग मोजायचं तेवढं मी वहीत मोजत राहिलो. रात्री तिच्या ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला आणि एक माझ्या मनगटाला बांधायचो, म्हणजे झटका आला की मला ओढ बसावी. ती नुसती कुशीवर वळली तरी मी उठून बसायचो. झोपायचो म्हणजे काय, डोळे मिटून वाट बघायचो.

अकराव्या दिवशी मी तिच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. बाराव्या दिवशी इस्पितळाच्या फॉर्मवर आईचं नाव लिहायचं होतं, तर पेन धरून मी तसाच उभा. शालिनीचं नाव आठवेना. शेवटी कांचनने सांगितलं. आणि चौदाव्या दिवशी, त्या दिवसातली पाचवी फिट आली तेव्हा, मी लगेच उठलो नाही. समोरच्या कॉटवर ती ताठ होत होती आणि मी बसून बघत होतो. चार सेकंद असतील, पाच असतील. फार नव्हते. पण तेवढा वेळ माझ्या मनात, "आता पुरे कर गं बाई," एवढंच होतं.

हे मी कुणाला बोललो नाही.

तर सोळाव्या दिवशी जिन्यातून पडल्यावर आम्ही खोलीत आलो. मी तिचा ओठ कापसाने पुसला. आरोग्यभवनाच्या बाईने खिचडी वर आणून दिली, ती दोघांनी अर्धी खाल्ली. दुपारचे दोन वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचा धप धप आवाज येत होता. कांचन कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडली होती, पण डोळे उघडे. ती हल्ली झोपायला घाबरायची. झोपेतून उठताना फिट यायची म्हणून.

"तुम्ही पडा जरा अप्पा. मी जागी आहे."

"तू जागी राहून काय करणार?"

"आलं की हाक मारीन."

मी पडलो. डोळा लागतोय असं वाटलं की आपणच दचकून उठायचो. असं तीन-चार वेळा झालं. माझे हात कापायला लागले. हातात पाना धरून बत्तीस वर्षं काढलेले हात, आणि ते मांडीवर ठेवले तरी थरथरत होते.

माझ्या दाढीच्या सामानाच्या पिशवीत त्या गोळ्यांची एक पट्टी होती. घरी ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आणली होती. असावी जवळ, म्हणून.

मी कँटीनमधून दोन कप चहा आणला. या वेळी तिला खोलीत ठेवून एकटा गेलो. ते पाच मिनिटांचं धाडससुद्धा पहिल्यांदाच केलं. वर येताना जिन्याच्या लँडिंगवर थांबलो, कठड्यावर कप ठेवले, गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून चुरली आणि एका कपात ढवळली. मला आजही आठवतं, त्या वेळी मनात कसलीही घालमेल झाली नाही. एखादं रोजचं काम करावं तसं केलं. एका गोळीने काय होतंय, सोळा दिवस तर झालेच, आता उद्याचाच प्रश्न आहे. असं काहीसं मनात होतं. त्यालाही विचार म्हणता येणार नाही.

तिने चहा घेतला. पहिला घोट घेऊन कपाकडे पाहिलं, मग सगळा प्यायली.

तीनच्या सुमाराला तिचे डोळे मिटले. मी भिंतीला टेकून बसलो होतो, तो तसाच कलंडलो. जाग आली तेव्हा सात वाजले होते आणि आरोग्यभवनाची बाई दारावर टकटक करत जेवणाचं विचारत होती. चार तास. ती शांत पडलेली होती, तोंड थोडं उघडं. त्या दिवशी पुढे फिट आली नाही. रात्रीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही इस्पितळाच्या तळघरात गेलो. तिथं खिडक्या नव्हत्या, एसीमुळे गारठा होता. स्कॅनचं काम बघणाऱ्या फरीदा इनामदार म्हणून एक बाई होत्या, पस्तिशीच्या, निळा गाऊन घातलेल्या. त्यांनी कांचनला खुर्चीत बसवलं आणि फॉर्म पुढे घेतला.

"रात्री फिट?"

"नाही."

"काल?"

"दोन. सकाळी."

"बरं. आता नीट आठवून सांग. गेल्या सोळा दिवसांत क्लोबाझम, झोपेची गोळी, नाकातला स्प्रे, यातलं काही घेतलं?"

मी कांचनकडे बघितलं नाही. भिंतीवर पिवळ्या त्रिकोणात काळ्या पाकळ्यांचं चिन्ह होतं, त्याकडे बघत राहिलो.

"नाही," कांचन म्हणाली.

"काका, तुमच्या माहितीत?"

"नाही."

"मग इथे सही करा. पेशंटची एक, नातेवाइकाची एक."

मी सही केली. हात कापत नव्हता. चार तास झोपलेला हात होता तो.

कांचनला आत नेलं. जाड दार बंद होण्याआधी फरीदाबाई म्हणाल्या, "पलीकडच्या खोलीत औषध तयार होतंय. पहाटेपासून तिघं जण त्यावर आहेत. तयार झालं की दर वीस मिनिटांनी निम्मं होत जातं, म्हणून लगेच द्यावं लागतं. अजून अर्धा तास. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर एक बाक होता. मी बसलो.

अर्धा तास फार मोठा असतो. वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीचं एक जॉबकार्ड असायचं. काय बिघडलं, काय बदललं, आणि खाली तपासणाऱ्याची सही. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा पाथर्डीच्या गाडीचा ब्रेक न तपासता मी सही ठोकली होती. जेवणाची सुट्टी झाली होती, भूक लागली होती, एवढंच. आमचे हेडमेकॅनिक काशिनाथ तुपे यांनी गाडी गेटवर अडवली आणि मला खाली उताणं झोपवून ब्रेकची नळी दाखवली. ती चिरलेली होती. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "विष्णू, तू काम केलं नसतंस आणि सही केली नसतीस, तर दुसऱ्या कुणी तरी तपासलं असतं. सही केलीस म्हणून आता कुणीच तपासणार नव्हतं."

मी बाकावरून उठलो. पाच पावलं गेलो, परत येऊन बसलो. सांगितलं तर काय होईल ते मला लख्ख दिसत होतं. पुन्हा गोळी बंद. पुन्हा सोळा दिवस. पुन्हा ती ओढणी. खरं सांगतो, पोरीच्या मेंदूचं काय होईल याच्याआधी मला ती ओढणी दिसली.

मग पुन्हा उठलो आणि त्या जाड दारावर तळहाताने थापा मारल्या.

फरीदाबाईंनी दार थोडं उघडलं. "काका, आत येता येत नाही."

"औषध देऊ नका. मी काल तिला गोळी दिली."

"कुठली?"

"तीच. क्लोबाझम. दुपारी, चहातून. तिला माहीत नाही."

त्यांनी मग मागे वळून भिंतीवरचा फोन उचलला. "इनामदार बोलतेय. थांबवा. हो, आजचं रद्द." पलीकडचं माणूस काहीतरी बोललं. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या, "पण रद्द."

पळसुलेबाई दहा मिनिटांत खाली आल्या. मी उभा राहिलो. शिव्या ऐकायची तयारी केली होती.

"कधी दिली? किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या बाकावर बसल्या आणि मला बसायची खूण केली.

"तुम्ही बोलला नसता तर काय झालं असतं, सांगू?"

"सांगा."

"गोळीने सगळ्या मेंदूत जागा अडवलेली असती. चित्र सगळीकडेच फिकं आलं असतं, आणि खरी जागा त्यात बुडाली असती. मी फॉर्मवर तुमची सही बघितली असती, आणि लिहिलं असतं, काही सापडत नाही, ऑपरेशन करू नये. कांचनची फाइल तिथं संपली असती. किंवा त्याहून वाईट, भलत्याच जागी बोट ठेवलं असतं." त्या माझ्याकडे वळल्या. "का दिलीत?"

मी बरीच कारणं जुळवून ठेवली होती. जिन्यातली पडझड, ओठातलं रक्त, पोरीचे हाल. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच आलं नाही.

"मला झोपायचं होतं," मी म्हणालो. "मॅडम, मला आता जमत नाही."

पंधरा वर्षांत हे वाक्य मी शालिनीलाही म्हटलं नव्हतं. आणि ते बोलल्यावर मला रडू फुटलं. तळघरात, परक्या बाईसमोर, टोपी तोंडावर धरून.

पळसुलेबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं, तुम्ही नको म्हणालात आणि मी सोडून दिलं. मीही ऐकायला नको होतं. या वेळी ती वॉर्डात राहील. रात्री नर्स बघतील. तुम्ही नगरला जायचं."

"नगरला?"

"निदान चार दिवस. हे औषधच आहे असं समजा."

त्या गेल्यावर कांचन बाहेर आली. सुई काढून दंडावर कापूस चिकटवलेला, केस विस्कटलेले. माझ्या शेजारी बसली. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "काल मी तुझ्या चहात..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कडू लागला. ती गोळी मी किती वर्षं खाल्लीय अप्पा, मला चव कळणार नाही?"

मी मान वर केली. "मग तू सगळा का प्यालीस? आणि आत, त्यांनी विचारलं तेव्हा, 'नाही' का म्हणालीस?"

ती दंडावरच्या कापसाची कड नखाने उचकटत राहिली.

"साडेचारला मला मध्येच जाग आली होती," ती म्हणाली. "तुम्ही वाकडेतिकडे झोपला होतात, घोरत होतात. किती दिवसांनी. मला वाटलं, 'हो' म्हटलं तर परत सोळा दिवस. परत तुम्हाला जागवायचं. नाही सापडली जागा तर नाही सापडली. फिट्सची मला सवय आहे. तुम्ही मेलात तर मी काय करू?"

ती हे अगदी सरळ आवाजात बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. मला तिला जवळ घ्यायचं होतं. आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी तिच्या दंडावरचा उचकटलेला कापूस दाबून परत नीट बसवला.

"वॉर्डात राहशील?" मी विचारलं.

"राहीन की. तुम्ही रोज येऊन बसायचं नाही पण."

"नाही बसणार."

मी चार दिवस म्हणून नगरला गेलो आणि सहा दिवस राहिलो. पहिले दोन दिवस तर जेवायला तेवढा उठलो.

त्यानंतर बावीस दिवसांनी स्कॅन झाला. पळसुलेबाईंनी आम्हाला पडद्यावर दाखवला. रंगीत चित्र होतं. मेंदूच्या घड्यांमधून लालभडक रंग पसरलेला, आणि उजव्या बाजूला, कानाच्या वर आतल्या अंगाला, रुपयाएवढ्या जागेत तो रंग उडाल्यासारखा फिका. कांचनने आपलं बोट कानावर ठेवून पाहिलं. "एवढीशी?" ती म्हणाली. पळसुलेबाई म्हणाल्या, आनंद एवढ्यात नको, हा फक्त संशय आहे. मग त्या जागी बारीक तारा घालून पंधरवडाभर फिट्स टिपल्या, आणि प्रत्येक फिट तिथूनच निघत होती. जुलैत ऑपरेशन झालं. सहा तास चाललं. तिसऱ्या महिन्यात एक फिट आली. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. त्यानंतर आली नाही. पण यायची राहिली म्हणजे गेली, हे मानायला मला फार वर्षं लागली.

या सगळ्याला आता बारा वर्षं झाली. कांचन राहुरीला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, तिथंच खोली घेऊन राहते, रविवारी येते. गोळ्या अजून चालू आहेत, पूर्वीपेक्षा कमी. पूर्वीच्या गोष्टी ती कधी काढत नाही.

एक मात्र सांगायचं आहे. ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. ती नऊ वर्षांची असताना मीच काढून टाकली होती, आत पडली तर दार फोडावं लागू नये म्हणून. बाईमाणसाच्या घरात बिनकडीची बाथरूम; आंघोळीला गेली की ती आतून एक बादली दाराला लावायची, आणि मी किंवा तिची आई बाहेर उभं राहून अधूनमधून हाक मारायची. एका रविवारी सकाळी ती बाजारातून नवी कडी घेऊन आली. माझ्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वतःच चार स्क्रू पिळले. एक वाकडा बसला. मी तो तसाच राहू दिला.

मग टॉवेल घेऊन ती आत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी दाराशी उभा होतो. पाणी पडायला लागलं.

"अप्पा," ती आतून म्हणाली, "तुम्ही दारात उभे आहात ना?"

"नाही."

"मग आवाज इतक्या जवळून कसा येतोय? जा, बाहेर बसा."

"बसतो."

मी तिथंच होतो. आत तांब्या वाजला, पाणी थांबलं, मी दारावर हात ठेवला, आणि मग पुन्हा पाणी पडू लागलं.

"गेलात का?" ती म्हणाली.

मी पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेलो आणि खुर्चीत बसलो.